भुकेल्या तळ्याला टोपलीभर माती

“टोपली खाली ठेव म्हणतो ना!”

“नाही ठेवणार! माझ्या उंबऱ्याची माती आहे, मी काय वाटेल ते करीन.”

“उंबरा माझ्या घराचा आहे!”

“हो का? मग झाडता का तो रोज तुम्ही? सोडा टोपली. रांग मोडतेय.”

रांग खरंच मोडत होती. वेल्डर आणि त्याची बायको तळ्याच्या काठावर, दोन-तीनशे माणसांच्या देखत, एकाच प्लास्टिकच्या टोपलीचे दोन कान धरून ओढत होते. मागच्यांची चैन. आले होते चमत्कार बघायला, वर हा तमाशा फुकट. पिठाच्या गिरणीवाली मावशी तर मागून ओरडलीच, “अगं, त्याच्याच डोक्यावर ओत ती माती! तोही भुकेलाच दिसतोय!”

सगळे हसले. वेल्डरची बायकोही हसली आणि हसता हसता तिनं असा हिसका मारला की टोपलीचा एक कान वेल्डरच्या हातात राहिला आणि बाकीची टोपली तिच्याकडे गेली. ती पुढे सरकली. वेल्डर कान धरून उभा.

आता हा काय प्रकार होता ते सांगतो.

वस्तीच्या मागे तळं होतं. चित्रातलं निळंशार वगैरे नाही. अर्धं पाणी, अर्धा चिखल, कडेनं पुरुषभर उंच पाणकणसं, मध्ये कमळाची पानं. वास यायचा, डास होते, खोटं कशाला बोला. पण बेडूक, कासवं, बगळे, पाणकोंबड्या सगळ्यांचा संसार तिथेच होता, आणि पावसात वरच्या गल्ल्यांतलं सगळं पाणी ते तळं मुकाट्यानं पिऊन टाकायचं. त्याबद्दल त्याला कुणी कधी शाबासकी दिली नव्हती.

सात आठवड्यांपूर्वी एक बाबा आला. गाल असे चकचकीत की आत वात पेटवलीय असं वाटावं. वेल्डरनं त्याचं नाव ठेवलं कंदीलबाबा. हा कंदील तळ्याकाठी बसला, डोळे मिटले, तासाभरानं उघडले आणि म्हणाला, “हे तळं भुकेलं आहे.”

झालं! लोकांना एकेक आठवायला लागलं. अमक्याचा चुलता त्यातच बुडाला होता ना? (बुडाला होता. दारू ढोसून गेला होता.) धोब्याचं गाढव रुतलं होतं ना? पोरांचे किती चेंडू गेले! एवढा पुरावा कुणाला कमी पडतो?

बाबानं उपाय सांगितला. तळ्याची भूक भागवली नाही तर ते एकेका घरातलं सुख खाणार. म्हणून रोज संध्याकाळी एकेका गल्लीनं यायचं. प्रत्येक घराची टोपलीभर उंबऱ्याची माती. आधी बाबाच्या चेल्याकडून मंतरलेला मातीचा गोळा घ्यायचा, पाण्यात टाकायचा. पाणी पेटलं तर समजा, घरातली पीडा बाहेर आली. मग लगेच आपली माती वर ओतून ती पुरून टाकायची, म्हणजे पुन्हा डोकं वर काढणार नाही.

आणि पाणी पेटायचं. दर वेळी. खरोखर.

तीन हजार घरं. मागून डंपरही यायला लागले, समोर ‘सेवा’ असं लिहिलेली पाटी लावून. अर्धं तळं सपाट झालं तरी कुणाला काही वाटेना. उलट जो तो म्हणे, किती भूक होती बघा बिचाऱ्याला!

वेल्डर इतके दिवस फिरकला नव्हता. त्याला वाटलं, चार दिवसांची हौस, फिटेल. घमेंड, दुसरं काय! वेड्यांच्या बाजारात आपण कशाला जायचं, म्हणून घरात बसून शिव्या देत राहिला. तसं त्याचं आणि तळ्याचं नातं जुनं. दिवसभर वेल्डिंग करून डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. दुपारी तो भाकरीचा डबा घेऊन तळ्यावर जायचा आणि हिरव्याकडे नुसता बघत बसायचा. डॉक्टरच्या थेंबांपेक्षा त्यानं जास्त बरं वाटायचं. तिथे त्याचा एक दोस्त होता. कमळपक्षी. लांबलचक बोटांवर पानापानांवरून चालणारा. वेल्डर त्याला लांबबोट्या म्हणायचा. या जातीत अंडी उबवायचं काम बापाचं. आई अंडी घालते आणि दुसरीकडे निघून जाते.

“बघा, शिका काहीतरी,” बायकोनं एकदा ऐकवलं होतं.

आणि आज लांबबोट्याची चार अंडी पाण्यावरच्या पानांच्या गादीवर होती, आणि मातीचा काठ तिथून पंधरा पावलांवर आला होता. म्हणून वेल्डर आज आला होता. टोपली हिसकावायला.

तिकडे बायकोचा नंबर लागला.

“या ताई, या!” कंदील उजळला. “घरात कटकट आहे?”

“आहे.”

“कुणीतरी ऐकत नाही?”

तिनं मागे वळून वेल्डरकडे बघितलं. “अजिबात ऐकत नाही.”

“मला दिसतंय! सगळं दिसतंय! तुमच्या घरात एक तापट सावली आहे. टाका गोळा!”

तापट सावली टोपलीचा कान मुठीत आवळून बघत होती.

गोळा बुडाला. क्षणभर काही नाही. मग बुडबुडे. मग खदखद, जणू खाली कुणी चहा ठेवलाय. चेल्यानं लांब काठीला बांधलेला जळता बोळा पुढे केला आणि भप्प! पाण्यावर माणसाएवढी पिवळी ज्वाळा. रांगेतून “आऽऽ” असा आवाज. ज्वाळेतून काळ्या जाळ्या उडाल्या आणि अलगद लोकांच्या खांद्यांवर उतरल्या.

“हीच ती पीडा!” बाबानं एक जाळी तळहातावर झेलली. “बघा, कशी काळी पडलीय! ताई, ओता माती! लवकर! परत फिरेल!”

बायकोनं माती ओतली. रडलीसुद्धा.

आणि वेल्डरच्या नाकात एक वास शिरला. नासका लसूण.

त्याला एकदम लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं. तेव्हा गॅसचे सिलिंडर परवडत नव्हते. तो टाकीत कार्बाइडचे दगड टाकायचा, पाणी सोडायचा, त्यातून निघणाऱ्या गॅसवर लोखंड जोडायचा. केसांना, शर्टाला, उशीला, सगळ्याला हाच वास. “रोज काय लसूण खाऊन येता काय हो?” असं म्हणून हीच बाई दहा वर्षं पाठ करून झोपली होती!

“अगं, हा वास...” तो तिच्या कानाशी गेला.

“श्श. हात जोडा. किती पवित्र वास आहे.”

वेल्डरचं डोकं असं सणकलं की तो थेट चेल्याच्या अंगावर धावला. पण दोन पावलांवर थबकला. चेल्याच्या पायात पांढरे बूट होते. चिखलात पांढरे बूट घालणारा माणूस त्यानं आयुष्यात एकच बघितला होता. दोन महिन्यांपूर्वी हेच बूट त्याच्या दुकानात आले होते. “जुना कार्बाइडचा ड्रम पडलाय म्हणे तुमच्याकडे?” पडला होताच. ओल लागली तर दुकानासकट वेल्डर उडाला असता. त्यानं विचारलं, “फळं पिकवायला नेताय ना? लोकांना विष घालाल.” बूटवाला नुसता हसला होता. आणि वेल्डरनं, ब्याद गेली एकदाची म्हणत, स्वतः ड्रमला हात लावून टेम्पोत चढवून दिला होता.

तो गप्प घरी आला.

बायको मागून आली, ओटीत आणखी एक गोळा घेऊन. तिच्या आजारी बहिणीच्या नावानं मागून आणलेला. तिनं तो फळीवर ठेवला, वेल्डरनं तो फळीवरून उचलला आणि तिनं हां हां म्हणायच्या आत मोरीतल्या बादलीत टाकला. खदखद झाली. त्यानं काडी ओढून लांबून टाकली. भप्प! मोरीचं छत काळं, वेल्डरच्या उजव्या भुवईचे केस गायब.

“बघितलंस?”

“बघितलं!” बायकोचे डोळे विस्फारले. “बाबांचा हात लागला की घरच्या बादलीतसुद्धा!”

वेल्डरनं कपाळावर हात मारला, जिथे भुवई होती तिथे. मग दुकानात जाऊन जुन्या डब्याच्या तळाशी राहिलेले चार करडे दगड घेऊन आला. “हे घे. कुंडीतली कोरडी माती घे, तेलात मळ. तूच वळ गोळा. मंत्र म्हण, शिव्या दे, काहीही कर.”

तिनं गोळा वळला. टाकला. खदखदला, पेटला. आग विझल्यावर ती बादलीवर वाकली. तळाशी पांढरा चुना बसला होता. तिनं वास घेतला. पुन्हा घेतला. मग हळूच म्हणाली, “अहो. हा तर तुमचा वास.”

“दहा वर्षं नावं ठेवलीस त्याला. ओळखला नाहीस?”

ती मोरीच्या उंबऱ्यावर बसली. आणि मग तिनं विचारलंच, “पण त्यांच्याकडे हे दगड आले कुठून?”

वेल्डर नळ बंद करायला लागला. नळ बंदच होता.

“तुम्ही दिले?”

“मला काय माहीत होतं!”

“विचारलं नाहीत?”

“विचारलं. फळांसाठी नेतोय असं मलाच वाटलं.”

“म्हणजे लोक विष खाणार असं वाटूनसुद्धा दिलेत! आणि मला म्हणताय अडाणी!”

वेल्डरनं बादली उचलली आणि घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गिरणीशेजारच्या गल्लीची पाळी. वेल्डर तळ्यावर गेला तो लोखंडी टेबल, मोठं घमेलं आणि नळाचं दोन बादल्या पाणी घेऊन. बायको मोडकी टोपली काखेत मारून बरोबर. तिनं रात्रीच बजावलं होतं, “तुम्ही तोंड उघडलंत की भांडण होतं. मी बोलीन.”

ती टेबलाशेजारी उभी राहिली आणि तिनं सरळ सांगितलं. हा वास मी दहा वर्षं उशीवर सोसलाय. हा देवाचा नाही, दानवाचा नाही, आमच्या जुन्या टाकीचा आहे. कार्बाइडच्या दगडाला पाणी लागलं की गॅस निघतो, गॅसला काडी लागली की पेटतो. वर तेलात मळलेली माती कशाला? दगड दिसू नयेत आणि गॅस जरा उशिरानं सुटावा म्हणून. काळी जाळी म्हणजे काजळी. बस्स.

वेल्डरनं घमेल्यात गोळा टाकला. भप्प! नळाच्या पाण्यावर ज्वाळा.

लोक टक लावून बघत राहिले. मग मागून एक म्हातारा पुढे आला आणि वेल्डरच्या पाया पडला. “आता तुमच्याही अंगात शक्ती आली!”

“काका, अंगात नाही हो, घमेल्यात!” वेल्डर किंचाळला.

तेवढ्यात बाबा उठला. आवाज असा लावला की पाणकणसं हलावीत. “मूर्खांनो! हा माणूस तळ्याचा दूत आहे! तळं घाबरलंय! त्याची भूक संपत आली, म्हणून त्यानं याला पाठवलंय! बघा याच्याकडे, याची भुवई कुणी खाल्ली?”

गर्दीतून कुजबुज. भुवई खरंच नव्हती. वेल्डरनं रागानं तोंड उघडलं, बायकोनं त्याच्या पायावर पाय दिला.

आणि बघायला आलेली गिरणीवाली मावशी गर्दीतून पुढे आली. हातात चाळणी. ती कुठेही जाताना चाळणी बरोबर का नेते हे तिलाच माहीत. तिनं चेल्याच्या टोपलीतला एक गोळा उचलला.

“मावशी, तो मंतरलेला आहे!” पांढरे बूट ओरडले.

“असू दे की. चाळून घेतल्याशिवाय मी काहीच पुढे सरकू देत नाही. चाळीस वर्षांचा धंदा आहे.”

तिनं गोळा चाळणीत फोडला आणि मनगटाला झटका दिला. माती खाली पडली. चाळणीत चार करडे दगड राहिले. मावशीनं ते नाकाशी नेले, तोंड वाकडं केलं आणि चाळणी सगळ्यांसमोर फिरवली. दुसरा गोळा फोडला, चार दगड. तिसरा, चार दगड. चौथ्यात पाच निघाले.

“याच्या घरी पीडा जास्त होती वाटतं,” मावशी म्हणाली.

मग जे हसू फुटलं! आधी बायका, मग पोरं, मग सगळी रांग. हसण्यापुढे बाबा टिकत नाही. मारलं तर तो हुतात्मा होतो, हसलं की नुसता माणूस उरतो, चकचकीत गालांचा. कंदीलबाबा डंपरकडे पळाला. पांढरे बूट त्याच्यामागे धावले आणि एक बूट चिखलात रुतला तो तिथेच राहिला. लोकांनी वेल्डरला खांद्यावर घेतलं. त्यानं आपल्या तोंडानं कबूल केलं की ड्रम मीच दिला होता, तरी टाळ्याच वाजल्या.

खांद्यावरून त्याला तळं दिसत होतं. उरलेलं. तो ओरडला, “उद्या सकाळी सगळे या! टोपल्या घेऊन! जी माती आपण टाकली ती आपणच काढू!”

“काढू!” सगळे ओरडले.

वेल्डरच्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली संध्याकाळ. सकाळपर्यंत टिकली.

सकाळी तो फावडं घेऊन पोचला तेव्हा लोक आधीच आले होते. खूप आले होते. पण टोपल्या नव्हत्या. कुणाच्या हातात सुतळी होती, कुणाच्या हातात खुंट्या, कुणी चुन्याची फक्की आणली होती. आणि जो तो खाली वाकून आपली माती शोधत होता.

“ही लालसर दिसते ना? आमच्या दारची. इथपर्यंत आमचं.”

“वा रे वा! तिसऱ्या आठवड्यात इथे मी ओतली, तेव्हा तू होतास कुठे?”

“माझ्या सासूनं दोन टोपल्या टाकल्यात, दोन!”

उंबऱ्याची माती ना. प्रत्येकाला आपला उंबरा ओळखू येत होता, आणि आपला उंबरा जिथे पडला ती जागा आपली, एवढा साधा हिशेब. वेल्डर वेड्यासारखा एकाकडून दुसऱ्याकडे पळत होता. “अहो, तो बाबा लबाड होता! काल हसलात ना तुम्ही?”

मावशी खुंटी ठोकत होती. तिनं मान वर केली. “बाबा लबाडच रे. मी नाही म्हटलंय का? पण माती तर खरी आहे. पडलीय ती पडलीय. आता गिरणीला मागे जरा जागा होईल.”

“आणि पावसात पाणी कुठे जाणार, मावशी?”

“जाईल कुठेतरी. पाणी काय, वाट काढतं.”

“तुझ्या गिरणीतून काढेल!”

“तेव्हाचं तेव्हा बघू. तू जरा त्या टोकाला सुतळी धर ना.”

त्यानं बायकोला शोधलं. ती एका कोपऱ्यात चार खुंट्यांच्या मध्ये उभी होती, हातात मोडकी टोपली. लाजल्यासारखी.

“तू पण?”

“सगळेच घेतायत हो. आपण सोडली तर शेजारचा घेईल.” मग आवाज खाली आणून, “बारा बाय वीस होते. मी मोजली. तुमचं दुकान बसेल यात. भाड्याच्या त्या खुराड्यात किती वर्षं डोळे जाळणार? मी तुमच्यासाठीच...”

तो भांडायला उभा राहिला होता, आणि त्याला भांडताच येईना. कारण एका क्षणापुरतं, अगदी एकाच, त्यालाही ते दुकान दिसलं. उंच छत, मोठं दार. त्या क्षणाची त्याला इतकी चीड आली की त्यानं खुंटी उपटून फेकली आणि तो चालता झाला.

थेट सरकारी कचेरीत. तिसरा मजला, पंखा बंद, टेबलावर पाण्याची बाटली आणि कारकून. वेल्डर म्हणाला, तळं बुजवतायत, थांबवा.

कारकुनानं नकाशा काढला. बोट फिरवलं. “इथे तळं नाही.”

“मी तिथूनच येतोय.”

“इथे रिकामी जागा लिहिलंय.”

“रिकामी? तिथे कासवं आहेत, पक्षी आहेत, अंडी आहेत!”

“ते नकाशावर दाखवत नाहीत.” कारकून वाईट माणूस नव्हता, त्यानं खुर्चीसुद्धा दिली. “तुम्ही असं करा. तळं आहे असा अर्ज द्या. आमचा माणूस येऊन बघेल. पाणी आढळलं तर नोंद होईल.”

“कधी येईल?”

“महिन्याभरात.”

“महिन्याभरात पाणी राहील का?”

“मग नोंद कशाची करणार?” कारकून म्हणाला. चेष्टा नव्हती. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

वेल्डरनं अर्ज दिला. शिक्का मारून घेतला.

तिसऱ्या दिवशी पत्र्याचं कुंपण आलं. ज्यांची कुणाची ती ‘रिकामी जागा’ होती, त्यांची माणसं आली. त्यांनी सगळ्या खुंट्या उपटून एका कोपऱ्यात ढीग केला. मग मात्र वस्ती खवळली! केवढी आरडाओरड! पण ओरडा कसला? माझी जागा, माझी माती, माझ्या सासूच्या दोन टोपल्या. तळ्याचं नाव एकाच्याही तोंडात नव्हतं. आणि कुंपणवाल्यांचा मुकादम शांतपणे म्हणाला, “माती तुम्ही श्रद्धेनं दिलीत ना? मग दिलेलं परत मागतात का?” आता बाबाला कुणी बोलावलं होतं, हे तरी वेगळं सांगायला नको. त्याच्यासोबतच्या डंपरांवरची ‘सेवा’ची पाटी तेवढी काढली होती. डंपर तेच होते.

आज सकाळी पहिला डंपर आला तेव्हा चालवायला वेल्डरचा मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ. वेल्डर गुडघाभर चिखलात आडवा उभा.

“दाजी, बाजूला व्हा.”

“नाही होणार.”

“दाजी, मी नाही ओतलं तर दुसरा ओतेल. माझं कामही जाईल आणि तळंही जाईल. एक तरी राहू दे.”

“तुझ्या बहिणीला बोलाव. ती सांगेल तुला यात काय जळत होतं ते.”

“मला माहीत आहे काय जळत होतं. सगळ्यांना माहीत आहे. त्यानं काय होतंय?” मेहुण्याचे डोळे भरले होते, हे खरं. त्यानं गाडी मागे घेतली, वळवली आणि दहा हात पलीकडे ओतली. माती घसरत आली आणि कमळाची पानं उलटीपालटी झाली.

लांबबोट्या किंचाळत उडाला, परत आला. पानांची गादी एका बाजूनं बुडायला लागली होती. त्यानं मान खाली घातली, हनुवटी आणि छातीच्या मध्ये एक अंडं धरलं आणि मागे मागे चालत ते दुसऱ्या पानावर नेलं. परत आला. दुसरं नेलं. तांब्यासारखी चकचकीत अंडी. तिसरं उचलताना घसरलं आणि पाण्यात गेलं. तो तिथे वाकून थोडा वेळ बघत राहिला. मग चौथ्याकडे वळला. आणि कुंपणाच्या फटींना नाकं लावलेली सगळी वस्ती, जी सात आठवडे पाणी पेटताना बघायला रोज आली होती, ती आपल्या खुंट्यांचा ढीग बघत होती.

म्हणून सांगतो, कार्बाइड ओळखायला शिकलात तर चांगलंच आहे, पण तेवढ्यानं भागत नाही. कुणी म्हणालं की हे तळं भुकेलं आहे, ते झाड बाधलेलं आहे, तो डोंगर अपशकुनी आहे, तर पाणी पेटतं की नाही हे नंतर बघा. आधी विचारा, हे नाहीसं झालेलं कुणाला हवंय? तिथे आत्ता कोण राहतं? ते गेलं की पाणी कुठे जाईल? आणि टोपली उचलायच्या आधी विचारा. ओतल्यावर विचारलेल्या प्रश्नाचं कुणी उत्तर देत नाही, वेल्डरला विचारा. आणि आपली जागा दिसली की बुद्धी गहाण टाकायची, याला तर बाबासुद्धा लागत नाही, ते आपलं आपणच...

दुसरा डंपर कुंपणातून आत वळलाय. वेल्डर अजून पाण्यात एकटाच उभा आहे. मला आता तिकडे निघायला हवं.